घर बंद

सर्वेक्षणाच्या फॉर्मवर अगदी शेवटी 'शेरा' नावाचा एक रकाना असतो, जेमतेम दोन बोटं रुंद. बाकीचं सगळं भरून झालं की गणक त्यात काहीतरी लिहितो. 'भाडेकरू'. 'कागदपत्रे नाहीत'. 'पुन्हा भेट द्यावी'. आणि जिथं कोणी भेटलंच नाही तिथं बाकीचे रकाने मोकळे सोडून नुसतं 'घर बंद'. महापालिकेत एकवीस वर्षं समूह संघटिका म्हणून काम केलं, पण माणसाला बाहेर ठेवणारे याच्याइतके सोपे शब्द मला दुसरे दिसले नाहीत. अर्ज नामंजूर झाला तर कारण विचारता येतं, अपील करता येतं. 'घर बंद' असा शेरा पडला की विचारायला येणारं कोणी उरत नाही, कारण त्या घराला आपलं काही राहून गेलंय हेच कळलेलं नसतं.

समूह संघटिका म्हणजे काय हे बाहेर फारसं कोणाला ठाऊक नसतं. वस्तीत जायचं, बायकांना एकत्र बसवायचं, बचत गट बांधायचे, गटांचा वस्तीस्तर संघ उभा करायचा आणि गरिबांसाठी कचेरीत जे जे असेल ते त्यांच्या दारापर्यंत न्यायचं. मी २००२ साली लागले तेव्हा सुवर्ण जयंती शहरी रोजगार योजना चालू होती, डिसेंबर १९९७ मध्ये सुरू झालेली. पुढं तिच्या जागी राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियान आलं. त्यात साधारण ३,००० गरीब कुटुंबांमागं एक संघटक असं प्रमाण ठरवून दिलं होतं. तीन हजार घरं. रोज दहा घरांत गेलं तरी एक फेरी पुरी व्हायला वर्ष सरतं, आणि कुठल्याच घरातून पाच मिनिटांत उठता येत नाही.

वस्तीत पदानं कोणी हाक मारत नाही. आधी मी 'गटाच्या मॅडम' होते. मग कधीतरी 'ताई' झाले.

ते घर ओढ्याकाठच्या गल्लीत होतं. गल्ली संपते तिथं पिंपळ आहे, त्याच्या अलीकडची विटांची भिंत. गल्लीच्या बाजूला दार नव्हतं, नुसती एक खिडकी, तिलाही पत्रा मारलेला. त्या घरावरून मी आठ-नऊ वर्षं जात होते. गोदाम असेल, नाहीतर कोणीतरी गावाला गेलं असेल, असं धरून चालले होते. २०१२ ची दिवाळी झाल्यानंतर एका गटाच्या बैठकीत दिव्यांगांची नावं गोळा करण्याचा विषय निघाला, तेव्हा कोपऱ्यात बसलेली एक मावशी म्हणाली, "त्या पिंपळाजवळच्या घरात पोरगं हाय की मोठं. उठाय-बसाय येत न्हाय त्याला."

मी म्हटलं, "मावशी, ते घर तर बंद असतं."

"बंद कशाला असतंय? दार मागनं हाय."

त्याच संध्याकाळी गेले. ओढ्याच्या कडेनं, एका पायाची वाट. पावसाळ्यात गल्लीतलं गटार तुंबून घरात शिरायचं, म्हणून त्या माणसांनी पुढचं दार विटांनी बुजवून मागं काढलं होतं. आत आई होती, आणि तिचा एकोणीस वर्षांचा मुलगा. जन्मताना मेंदूला प्राणवायू कमी पडलेला. त्याला बसवावं लागे, भरवावं लागे. आई त्याच्या उशाशी बसून कापसाच्या वाती वळत होती. त्या वातींचे पुडे कोणीतरी येऊन घेऊन जायचं आणि किलोमागं पैसे द्यायचं. दारिद्र्यरेषेच्या यादीत त्यांचं नाव नव्हतं. पिवळं कार्ड नव्हतं. अपंगत्वाचा दाखला नव्हता. तिनं एकदा मुलाला पाठुंगळी घेऊन दवाखाना गाठला होता. तपासणीचा वार दुसरा आहे, तेव्हा या, असं सांगून परत पाठवल्यावर ती पुन्हा गेली नाही. वजन पेलत नाही, म्हणाली.

दुसऱ्या दिवशी जुनी यादी काढून पाहिली. त्या घरापुढं 'घर बंद' लिहिलेलं होतं. पानाच्या तळाशी, 'तपासले' या शब्दापुढं, माझी सही होती.

मी तिला हे सांगितलं. सांगितल्याशिवाय पुन्हा त्या घरात जाणं मला जमलं नसतं. ती रागावली नाही. वाती वळता वळता एवढंच म्हणाली, "ताई, आम्ही घरातच व्हतो."

पुढचं सगळं गटातल्या बायकांनी केलं. चौघी जणी, दोन रिक्षा, त्याला नेण्यासाठी एक जुनी चादर. त्या चादरीची झोळी करून त्यांनी त्याला दवाखान्याच्या जिन्यावरून वर नेला, आणि वार चुकीचा आहे असं म्हणण्याची कोणाची हिंमत झाली नाही. दाखला मिळाला, कार्ड झालं. एरवी बचत गटाला निदान दहा जणी लागतात, पण दिव्यांगांच्या गटाला पाचही चालतात, हा नियम मी तोवर नुसता पाठ केलेला होता. पुढं त्या आईसह शेजारच्या दोन गल्ल्यांतल्या पाच घरांचा गट उभा राहिला. त्यांची बैठक मागच्या दारी, ओढ्याच्या कडेला भरायची. मुलगा गोणपाटावर आडवा असायचा आणि कोणी मोठ्यानं हसलं की तोही हसायचा.

त्यानंतरच्या हिवाळ्यात वस्तीस्तर संघाच्या बायकांची सहल रायगडला नेली. परतताना महाडला थांबलो. चवदार तळ्याच्या काठावर उभं राहून, मला जेवढं माहीत होतं तेवढं मी सांगितलं. १९२३ च्या ऑगस्टमध्ये मुंबई विधिमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला, की सरकारी पैशानं बांधलेली पाणवठ्याची ठिकाणं, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात. त्याला धरून जानेवारी १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनंही आपलं तळं सर्वांना खुलं केल्याचा ठराव केला. सुरबानाना टिपणीस यांच्यासारखी माणसं त्या नगरपालिकेत होती, म्हणून तो झाला. आणि मग तीन वर्षं काहीच झालं नाही. ठराव दप्तरात, पाणी तळ्यात. मार्च १९२७ च्या परिषदेला जमलेल्या लोकांसाठी पाणी विकत घ्यावं लागलं, चाळीस रुपयांचं, तळं खुलं असलेल्या त्याच गावात. २० मार्चला बाबासाहेब आंबेडकर लोकांसह तळ्यावर गेले आणि ओंजळीनं पाणी प्याले. त्यानंतर लोकांवर हल्ले झाले. ऑगस्टमध्ये नगरपालिकेनं आपला ठराव मागं घेतला. प्रकरण कोर्टात गेलं, आणि शेवटचा निकाल लागायला १९३७ साल उजाडलं.

आमच्यातली एक आक्का, भाजीची पाटी घेऊन दारोदार फिरणारी, लक्ष देऊन ऐकत होती. ती म्हणाली, "मग त्या तीन वर्सांत हापिसातनं कुणी वस्तीत सांगाय गेलं न्हाय व्हय?"

मला उत्तर देता आलं नाही. गाडीत बसल्यावरही तोच प्रश्न डोक्यात होता. वस्त्यांतून हिंडणारा माणूस महाडला होता, पण तो नगरपालिकेचा नव्हता. रामचंद्र बाबाजी मोरे हा तिथलाच तरुण गावोगाव फिरला, परिषद व्हावी आणि बाबासाहेबांनी यावं म्हणून खपला. ठराव करणारे सभागृहात होते, आणि लोकांना उठवून तळ्यापर्यंत आणणारा बाहेर होता. या दोन्हींमधल्या अंतरात तीन वर्षं गेली. माझं काम नेमकं त्या अंतरात आहे, हे मला नोकरीला लागून दहा वर्षं झाल्यावर, एका पाटीवालीच्या प्रश्नानं कळलं.

तिच्याच बाबतीत त्याचा पडताळा आला. पथविक्रेत्यांचा कायदा २०१४ साली झाला. त्यानंतर आमच्या शहरात सर्वेक्षण लागलं. मोजणीची पोरं मोबाइल घेऊन सकाळी अकराच्या पुढं रस्त्यावर निघायची. पाटीवाल्या पहाटे चारला मंडईत जातात, साडेअकरापर्यंत माल संपवून घरी स्वयंपाकाला लागतात. त्या दिसायच्याच नाहीत. ज्या दिसल्या त्यांना पहिला प्रश्न, "गाडी कुठं आहे?" गाडी नाही म्हणजे विक्रेता नाही. जिथं गाडी होती तिथं गाडीपुढं नवऱ्याला उभं करून फोटो काढला जायचा. पहाटे माल आणणारी बाई, विकणारी बाई, उधारी लक्षात ठेवणारी बाई, आणि प्रमाणपत्रावर मात्र तिच्या घरच्या पुरुषाचं नाव.

कायदा असं म्हणत नव्हता. जागोजागी फिरून विकणाराही पथविक्रेता, हे त्याच्या व्याख्येतच आहे. मी व्याख्येची प्रत जोडून टिप्पणी तयार केली. टिप्पणी वर गेली, शेरा होऊन खाली आली, पुन्हा वर गेली. कचेरीत काम करायचं तर ही चढउतार अंगवळणी पाडून घ्यावी लागते. कोणत्या टेबलावर कागद किती दिवस थांबतो, कोणत्या शब्दानं अडतो आणि कोणत्या शब्दानं सुटतो, हे शिकावं लागतं. मोर्चाला जे महिन्यात जमत नाही ते कधीकधी टिप्पणीतल्या एका ओळीनं होतं, आणि मोर्चा नसेल तर ती ओळ कोणी वाचतही नाही. त्या वेळी दोन्ही जुळून आलं. पाटीवाल्यांनी एका सकाळी रिकाम्या पाट्या घेऊन कचेरीच्या आवारात ठाण मांडलं, आणि त्याच दिवशी माझी टिप्पणी साहेबांच्या टेबलावर होती. सर्वेक्षण पहाटे पाचला मंडईच्या दारात लागलं. त्या आक्काच्या प्रमाणपत्रावर तिचं स्वतःचं नाव आलं, पाटीसकट फोटो आला. पुढं नगर पथविक्रेता समितीचा विषय निघाला तेव्हा मी बायकांना सांगितलं की समितीत निदान ४० टक्के जागा विक्रेत्यांच्या, आणि त्यातल्या एक तृतीयांश बायकांच्या. आक्कानं विचारलं, "बैठक किती वाजता असती?" मला तो सगळ्यात शहाणा प्रश्न वाटला.

तृतीयपंथी गटाचं काम मात्र मी उशिरा सुरू केलं, आणि ते माझ्या मनातल्या अडीमुळं. एप्रिल २०१४ मध्ये त्यांची ओळख मान्य करणारा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला होता, २०१९ साली त्यांच्या हक्कांचा कायदा आला. माझ्या हद्दीत त्यांची सात-आठ घरं होती हे मला पहिल्यापासून माहीत होतं. तरी मी गेले नव्हते. वेळ नाही, उद्दिष्टात बसत नाही, अशी कारणं मी स्वतःला देत होते. शेवटी गेले तेव्हा घरातल्या गुरूंनी मला खाली सतरंजीवर बसायला सांगितलं आणि विचारलं, "चहा घ्याल ना ताई आमच्या घरचा?" त्या आवाजात अजिजी नव्हती. त्या मला पाहत होत्या. मी चहा घेतला, आणि चवदार तळं आठवून मला माझी शरम वाटली. कपाच्या कानाला हात लावण्यापूर्वी माझा हात क्षणभर थांबला होता. तो त्यांनी पाहिला होता.

त्यांचा गट झाला. बँकेत खातं उघडायला चार महिने गेले, कारण फॉर्मवरचं नाव, आधारवरचं नाव आणि त्या ज्या नावानं जगत होत्या ते नाव, तिन्ही वेगळी. त्या चार महिन्यांत त्यांनी एकही बैठक चुकवली नाही. २०२२ साली पिंपरी-चिंचवड महापालिकेनं तृतीयपंथी व्यक्तींना सुरक्षारक्षक म्हणून कामावर घेतल्याची बातमी आली, तेव्हा गटातल्या एकीनं ते कात्रण जपून पाकिटात ठेवलं. गणवेशातला फोटो होता त्यात. ती मला म्हणाली, "ताई, टाळी न वाजवता कोणी दार उघडेल असं काम पाहिजे." आमच्याकडं तसं काम अजून झालेलं नाही. मी टिप्पणी दिली आहे. आता ती कोणत्या टेबलावर आहे हे मला सांगता येणार नाही.

असं काम आधी कोणी केलं नव्हतं असं नाही. पुण्यात कचरावेचकांनी १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत बांधली. पुढं महापालिकेनं त्यांच्या ओळखपत्रांना मान्यता दिली, आणि २००८ पासून त्यांची 'स्वच्छ' ही सहकारी संस्था महापालिकेशी करार करून दारोदार कचरा गोळा करू लागली. कचराकुंडीत हात घालणारी बाई गळ्यात ओळखपत्र घालून सोसायटीच्या लिफ्टनं वर गेली, त्यामागं अशी वर्षानुवर्षं घातलेली मेहनत आहे. आम्हा संघटिकांच्या प्रशिक्षणात हे उदाहरण निघालं की मी कान टवकारून ऐकायचे.

एका गोष्टीबद्दल मात्र आजवर कधी लिहिलं नव्हतं.

२०१५ च्या उन्हाळ्यात एका संध्याकाळी सहाच्या सुमारास कचेरीत कळलं, की दुसऱ्या दिवशी सकाळी ओढ्याच्या वरच्या अंगाला अतिक्रमण विभागाची गाडी जाणार आहे. अकरा घरं. नोटीस आधी लागली होती, पण तारीख कोणाला माहीत नव्हती. मला त्या वेळी कळली. मी महापालिकेची होते, आणि त्या अकरा घरांतल्या सहा बायका माझ्या गटांत होत्या. त्या रात्री मी वस्तीत गेले. गाडी येणार आहे असं म्हटलं नाही. म्हटलं, कागद काढा, १ जानेवारी २००० च्या आधीचे, मतदार यादी, लाइटबिल, रेशनकार्ड, जे असेल ते. बायका काय ते समजल्या. रात्री दोनपर्यंत ट्रंका उघडत होत्या, पिशव्या झटकत होत्या. एकीचं जुनं लाइटबिल देवाच्या तसबिरीमागं सापडलं. सात घरांचे कागद निघाले आणि सकाळी ती घरं थांबली. चार घरांचे निघाले नाहीत. मी साडेआठला तिथंच उभी होते, गळ्यात महापालिकेचं ओळखपत्र घालून. चारातल्या एका घरची बाई माझ्या सर्वांत जुन्या गटाची कोषाध्यक्ष. तिनं भांडी बाहेर काढली, माझ्याकडं पाहिलं, आणि त्यानंतर दोन वर्षं ती माझ्याशी बोलली नाही. कचेरीतही विचारणा झालीच, काल रात्री तुम्ही तिकडं कशाला गेला होता?

मी नोकरी सोडायला निघाले होते. घरी राजीनामा लिहूनही ठेवला होता. मला थांबवलं ते एका जुन्या गोष्टीनं. महात्मा फुले पुणे नगरपालिकेचे सभासद होते, १८७६ पासून काही वर्षं. १८८० साली लॉर्ड लिटन पुण्याला येणार म्हणून स्वागतावर हजार रुपये खर्च करायचं ठरलं. हे पैसे गरिबांच्या शिक्षणाला लावावेत असं जोतीरावांचं म्हणणं. ३२ सभासदांत विरोधी मत त्यांचं एकट्याचं पडलं. मी पुन्हा पुन्हा त्या बैठकीचा विचार करायची. एवढ्या माणसांत एकटं मत टाकून ते घरी गेले असतील, आणि पुढच्या बैठकीला पुन्हा येऊन त्याच खुर्चीवर बसले असतील. त्या पुढच्या बैठकीला येण्याचं मला बळ हवं होतं. राजीनामा फाडला.

खरं तर राजीनाम्याला फारसा अर्थही नव्हता. आम्ही संघटिका मानधनावर. सहा महिन्यांची ऑर्डर, एक दिवसाचा खंड, पुन्हा सहा महिन्यांची ऑर्डर. प्रसूतीची रजा मागायला गेलेल्या मैत्रिणीला ऑर्डरच पुढं मिळाली नाही. शहरात कोणी बाहेर राहू नये म्हणून ज्यांना नेमलंय, त्याच एकवीस-एकवीस वर्षं दाराच्या उंबऱ्यावर. हे चूक आहे. वस्ती ओळखायला पाच वर्षं लागतात, आणि माणसं बदलत राहिली की ती ओळख दर वेळी पुसली जाते. कागदावर पद भरलेलं दिसतं, पण मागच्या दाराची वाट कोणालाच ठाऊक नसते.

माझी शेवटची ऑर्डर गेल्या मार्चला संपली. माझ्या जागी आलेली मुलगी समाजकार्याची पदवी घेतलेली, चुणचुणीत आहे. तिच्या हातात टॅब आहे, त्यात नकाशा आहे, प्रत्येक घराला एक क्रमांक आहे. मी तिला माझी वही दिली. वहीत क्रमांक नाहीत. ती माझ्या समोरच बसून पानं उलटू लागली, मधेच मोठ्यानं वाचू लागली.

'मशिदीमागची गल्ली: शुक्रवारी दुपारी जाऊ नये, रविवारी सकाळी सगळ्या भेटतात.' 'पाटीवाल्या: पहाटे पाच, मंडईचं पश्चिमेचं दार.' 'नळाजवळची आजी: ऐकू येत नाही, नातीला सोबत घेणे.' 'गुरूंचं घर: चहा घेतल्याशिवाय उठू नये.' 'कोषाध्यक्ष ताई: आता पुलापलीकडं भाड्यानं राहतात. माझं नाव सांगू नका, तुमचंच सांगा.'

मग तिनं पान उलटलं आणि थांबली. "ताई, हे पिंपळाजवळचं घर. टॅबवर याच्यापुढं बंद असं दाखवतंय."

मी चप्पल पायात घातली. म्हटलं, "चल, ओढ्याच्या बाजूनं जाऊ. दार मागं आहे."